सरासरीने स्वच्छ

शहराच्या वीज नियंत्रण कक्षात त्यांना सगळे पन्नासबाई म्हणत. समोरच्या भिंतीवर विजेच्या वारंवारितेचा एक मोठा लाल आकडा अष्टौप्रहर जागा असे, आणि तो पन्नासवर राहिला पाहिजे एवढंच त्या खोलीतल्या माणसांचं काम होतं. तयार होते त्यापेक्षा जास्त वीज शहराने ओढली की आकडा घसरतो, कमी ओढली की वर चढतो, आणि दोन्ही वाईट. सतरा वर्षांत बाईंच्या पाळीत तो कधी बेताल झाला नव्हता. लोक म्हणत, बाईंची नाडीसुद्धा पन्नासचीच असणार. बाई म्हणत, "माझी नाडी नका बघू, भिंत बघा."

आकडा सांभाळायचा तो फोनवरून. वीज बनवणाऱ्या प्रत्येक केंद्राला एक थेट फोन, आणि त्या फोनवर बोलायची एक पद्धत. हुकूम द्यायचा, पलीकडच्याने तो शब्दन् शब्द परत बोलून दाखवायचा, आणि मग आपण "बरोबर" म्हणायचं. तोपर्यंत तो हुकूम नव्हेच. ऐकणाऱ्याने नुसतं हो हो केलं आणि यंत्रं जळाली, असं कधीकाळी झालं होतं म्हणे, तेव्हापासूनचा हा नियम. दोन मिनिटांत उत्तर आलं नाही तर ते केंद्र हाताशी नाही असं धरून दुसरी सोय करायची. सगळं बोलणं टेपवर जातं, त्यामुळे हवापाणी, जेवलीस का, पोरं कशी आहेत, असलं काही नाही.

आणि गंमत अशी, की जुन्या कोळसा केंद्राच्या फोनवर संध्याकाळच्या पाळीत पलीकडे बसायचा तो बाईंचा सख्खा मोठा भाऊ. लहानपणी ज्याने बहिणीचं एक वाक्य कधी पुरं होऊ दिलं नाही, तो दादा आता पगार घेऊन तिचं प्रत्येक वाक्य जसंच्या तसं परत म्हणायचा. वहिनी म्हणायची, "घरी मात्र माझा एक शब्द ह्यांच्या तोंडून परत येत नाही. मलाही एक थेट फोन द्या बसवून."

दोन वर्षांपूर्वी शहरात विजेच्या गाड्या आल्या आणि बघता बघता झाल्या घरोघर. बाईंना त्याचा आनंदच होता. नवऱ्याने हौसेने एक घेतली, पांढरीशुभ्र, मागे हिरवं पान चिकटवलेलं. तो तंत्रशाळेत शिकवायचा. दिवसभर गाडी शाळेच्या मोकळ्या अंगणात उन्हात भाजून निघायची, तिथे भिंतीला एक साधा प्लग नव्हता. संध्याकाळी सातला तो घरी आला की पायातले बूट काढायच्या आधी गाडीला वायर लावायचा. शहरातले सगळेच लावायचे. टॅक्सीवालेसुद्धा पाळी संपवून सातलाच डेपोत शिरायचे.

बाईंची पाळी दुपारी बारा ते रात्री आठ. त्यामुळे दिवसाची दोन्ही तोंडं त्यांना दिसत. दुपारी ऊन रणरणत असायचं आणि सौर प्रकल्पातून वीज नुसती उतू जायची. ती घ्यायला कुणी नसे. कोळशाची भट्टी काही घरातल्या गॅससारखी वाटेल तेव्हा बंद-चालू करता येत नाही. संध्याकाळी लागणार म्हणून ती दुपारीही मंद जळत ठेवायची. मग थांबायचं कुणी? तर सूर्याने. बाई फोन उचलायच्या, "सौर केंद्र, साठ मेगावॅट कमी करा." पलीकडचा म्हणायचा, "साठ मेगावॅट कमी करतो." "बरोबर." आणि संध्याकाळी सातला, ऊन मावळलं, गाड्यांना वायरी लागल्या की जुन्या केंद्राला फोन, "संच क्रमांक तीन, साठ मेगावॅट वाढवा." दादाचा आवाज यायचा, "संच क्रमांक तीन, साठ मेगावॅट वाढवतो." "बरोबर."

दुपारी साठ फेकले, संध्याकाळी साठ जाळले. रोज. एखाद्याने दुपारी भरलेला हंडा मोरीत ओतावा आणि संध्याकाळी तहान लागली म्हणून विहीर खणायला घ्यावी, तसला कारभार. आणि तो बाईंच्या स्वतःच्या तोंडून चालायचा, टेपवर, रीतसर.

तरी बाईंनी दीड वर्ष तो चालवला. कारण तीन नंबरचा संच, म्हणजे जुन्या केंद्रातली ती भट्टी आणि तिची यंत्रं, या वर्षअखेर कायमचा बंद व्हायचा होता. आयुष्य संपलेला, कोळसा खाणारा आणि अर्धा राख करून ओकणारा संच. तो गेला की दुपारी सूर्याला जागा होणार होती, आणि संध्याकाळच्या गाड्यांना दुपारी आणल्यावाचून गत्यंतर राहणार नव्हतं. शिवाय, आणि खरं म्हणजे आधी, दादाची पोरगी त्या संचाच्या धुराड्याखाली राहत होती.

केंद्राच्या कामगारांची वसाहत कुंपणाला लागूनच होती. वहिनी खिडकीची चौकट दिवसातून दोनदा पुसायची, आणि दोन्ही वेळा फडकं करडं व्हायचं. कपडे घरातच वाळत. भाची नऊ वर्षांची, अंगाने काडी, जिभेने तिखट. तिची छाती वर्षातून चार-पाच वेळा अशी भरायची की श्वास आत जाताना शिट्टी वाजे. दप्तराच्या पुढच्या कप्प्यात दम्याचा पंप, उशाशी पंप, आत्याच्या पर्समध्येही एक पंप. डॉक्टरांनी सांगितलं होतं, औषध चालू ठेवा, पण हवा बदला. हवा बदलायची म्हणजे बदली व्हायला हवी, बदली म्हणजे संच बंद व्हायला हवा. संच बंद झाला की दादाला शहराच्या दुसऱ्या टोकाचं उपकेंद्र मिळणार होतं, घरासकट. पोरीने नव्या घरातली स्वतःची खिडकीसुद्धा ठरवून ठेवली होती.

आणि अशात बातमी फुटली की तीन नंबरला मुदतवाढ मिळतेय. कारण काय? संध्याकाळची मागणी वाढली. का वाढली? गाड्या वाढल्या म्हणून. पन्नासबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यांनी चार दिवस घरी बसून एक तक्ता केला. दिवसाच्या प्रत्येक तासाला वीज कशातून येते आणि त्या तासाला भरलेली गाडी एका किलोमीटरमागे किती धूर सोडते, याचा. धूर गाडीच्या शेपटीतून न निघता दादाच्या डोक्यावरून निघतो, एवढाच फरक. दुपारी एकला भरलेल्या गाडीचा आकडा जवळजवळ नाहीच. संध्याकाळी सातला तीन नंबरच्या कोळशावर भरलेल्या गाडीचा आकडा पेट्रोलच्या गाडीच्या जेमतेम खाली राहणारा. गाडी तीच, चालवणारा तोच, हिरवं पान तेच.

तो तक्ता घेऊन त्या मोठ्या साहेबांकडे गेल्या. साहेबांची खोली थंडगार होती आणि भिंतीवर नव्या मोहिमेचं चित्र होतं: पांढरी गाडी, निळं आकाश, आणि खाली 'धूर शून्य'.

"बसा बाई. अहो, तुम्ही आमच्या स्वच्छ शहराच्या आधारस्तंभ," साहेब म्हणाले. ते सगळ्यांनाच आधारस्तंभ म्हणत.

बाईंनी तक्ता पुढे सरकवला. "साहेब, गाड्या दुपारी चार्ज होऊ देत. डेपोतल्या टॅक्सींची पाळी फिरवा, दुपारी दोन तास आत घ्या. शाळा, कचेऱ्या, कारखाने, जिथे गाड्या दिवसभर उभ्या असतात तिथे प्लग बसवा. मग तीन नंबर ठेवायची गरजच नाही. मुदतवाढ कशाला?"

साहेबांनी तक्त्यावर नजर फिरवली, तासांचे चोवीस रकाने बघून त्यांना घामच फुटला असावा. "हे फार बारीक झालं बाई. लोकांना एक आकडा लागतो. आणि तो आपल्याकडे आहे." त्यांनी खणातून एक कागद काढला. "वर्षाची सरासरी. या सरासरीने आपली गाडी पेट्रोलच्या निम्म्यावर आहे. चित्राखाली बारीक अक्षरात तोच छापलाय. आता निम्मा काय आणि शून्य काय, लोकांना भावना कळली पाहिजे."

"पण सरासरीच्या वेळेला कुणी गाडी भरत नाही, साहेब. सातला भरतात."

"मग ही सरासरी चुकीची आहे का?"

"चुकीची नाही. पण..."

"खाली सही बघा."

सही बाईंचीच होती. तीन वर्षांपूर्वी, गाड्या यायच्या आधी, वरून पत्र आलं होतं की दर युनिट विजेमागे सरासरी धूर किती ते कळवा. बाईंनी वर्षभराची वीज एकत्र केली, वर्षभराचा धूर एकत्र केला, भागाकार केला, दोनदा तपासला आणि खाली अभिमानाने सही ठोकली. दशांश चिन्हानंतर तीन घरं. हिशेबात केसाएवढी चूक नव्हती. चूक अशी होती की आयुष्यभर क्षणाक्षणाला आकडा सांभाळणाऱ्या बाईने कागदावर वेळच लिहिली नव्हती. कुणी विचारली नाही, म्हणून लिहिली नाही. दुपारचं ऊन आणि संध्याकाळचा कोळसा एकाच टोपात ढवळून त्यांनीच साहेबांच्या ताटात वाढलं होतं.

"ती सही परत घ्यायला आलेय असं समजा," बाई म्हणाल्या.

"सही परत घेता येत नसते बाई," साहेब हसून म्हणाले. "आणि गुरुवारी नव्या डेपोचं उद्घाटन आहे. संध्याकाळी सातला. पाहुणे बटण दाबणार आणि तीनशे टॅक्सी एकदम चार्जिंगला लागणार. अंधारात हिरवे दिवे काय सुंदर दिसतात! दुपारी दिसतील का?"

तर हे कारण होतं. दिवे दिसायला हवेत म्हणून सूर्य नको. बाई तक्ता तिथेच टेबलावर टाकून उठल्या, कारण आणखी थांबल्या असत्या तर तोंडून काय गेलं असतं याचा त्यांना भरवसा नव्हता. घरी जाऊन त्यांनी नवऱ्याच्या गाडीची वायर उपटली.

"अगं, उद्या शाळेत कसा जाऊ?"

"पायांनी. देवाने दोन दिलेत."

नवरा बिचारा तीन दिवस पायी गेला. चौथ्या दिवशी त्याने मुख्याध्यापकांशी भांडून, प्रयोगशाळेच्या खिडकीतून अंगणापर्यंत लांब वायर काढली आणि दुपारी गाडी भरली. एका माणसाला एका वायरने जे जमलं, ते अख्ख्या खात्याला जमत नव्हतं.

गुरुवारी सकाळी मुदतवाढीचं पत्र आलं. दोन वर्षं. दादाने फोन केला तो साध्या फोनवर, पाळीच्या आधी. तो फार बोलणारा माणूस नव्हे. म्हणाला, "चिमे, पत्र आलं. आणि पोरीला पहाटेपासून दवाखान्यात ठेवलंय. वाफ देतायत." मागे ती शिट्टी ऐकू येत होती.

"मग तू रजा टाक ना दादा."

"बदली माणूस नाही. जातो सातपुरता." आणि त्याने फोन ठेवला.

संध्याकाळी पावणेसातला नियंत्रण कक्षात टीव्ही लावलेला होता, आवाज बंद करून. डेपोत मांडव, खुर्च्या, माळा. साहेब नव्या कोटात. पाहुण्यांसमोर एक भलंमोठं हिरवं बटण. भिंतीवरचा आकडा पन्नास. रोजचे साठ मेगावॅट आधीच वाढवून झाले होते. सात वाजायला चार मिनिटं कमी असताना बाईंनी आता डेपोसाठी फोन उचलला.

"जुनं केंद्र, संच क्रमांक तीन, पंधरा मेगावॅट वाढवा."

पलीकडून उत्तर नाही.

फोन तुटला नव्हता. यंत्राची घरघर ऐकू येत होती, आणि माणसाचा श्वासही. बाईंनी परत म्हटलं, "जुनं केंद्र, संच क्रमांक तीन, पंधरा मेगावॅट वाढवा." श्वास. त्यांना ठाऊक होतं पलीकडे कोण आहे आणि कशाने बोलत नाहीये. दादा, बोल, असं ओठांवर आलं होतं, पण टेपवर ते चालत नाही. आणि खरं सांगायचं तर तो बोलावा असं त्यांना वाटतही नव्हतं. दोन मिनिटं त्या दोघांनी एकमेकांचं गप्प राहणं ऐकलं.

टीव्हीवर बटण दाबलं गेलं. हिरवे दिवे लागले, टाळ्या पडल्या, आणि भिंतीवरचा आकडा घसरू लागला. शेजारच्या टेबलावरचा तरुण इंजिनियर ओरडला, "बाई, खाली जातंय!"

नियम स्पष्ट होता. केंद्र उत्तर देत नसेल तर मागणी कमी करा, आणि जी थांबू शकते ती आधी. दवाखाने नाही, पाण्याचे पंप नाहीत, घरं नाहीत. यादीत पहिली ओळ गाड्यांच्या चार्जिंगची होती. ती बाईंनीच दोन वर्षांपूर्वी घालून घेतली होती आणि आजवर कुणी वापरली नव्हती. त्यांनी डेपोच्या उपकेंद्राला फोन केला. "नवा डेपो, पूर्ण बंद करा." "नवा डेपो, पूर्ण... पूर्ण बंद करतो?" "प्रश्न नाही. परत बोला." "नवा डेपो, पूर्ण बंद करतो." "बरोबर."

टीव्हीवर तीनशे हिरवे दिवे एका झटक्यात गेले. माळाही गेल्या, बटणही गेलं. अंधारात साहेबांच्या कोटातला पांढरा शर्ट तेवढा दिसत होता. आकडा हळूहळू वर आला आणि पन्नासवर थांबला. गावात एकाही घरातला पंखासुद्धा मंद झाला नव्हता.

तिसऱ्या दिवशी चौकशी बसली. बसली म्हणजे काय, साहेबांच्याच थंडगार खोलीत चार खुर्च्या मांडल्या: साहेब, बाई, दादा आणि कोपऱ्यात लिहून घेणारा लेखनिक. ज्याची चौकशी व्हायला हवी तोच चौकशी करणार. दादाने दाढी केली नव्हती. पोरगी आदल्या दिवशी घरी आली होती, पण वहिनी तिला बसवूनच झोपवत होती.

साहेबांनी टेप लावली. बाईंचा आवाज आला, मग ती दोन मिनिटं. थंड खोलीत दादाचा श्वास सगळ्यांनी ऐकला. साहेबांनी टेप बंद केली आणि अनपेक्षित गोड आवाजात म्हणाले, "बिघाड."

"कसला?" बाईंनी विचारलं.

"संचात. जुना संच, जुन्या फोनच्या तारा. तांत्रिक बिघाडामुळे हुकूम पोचला नाही. मी मजकूर तयार ठेवलाय. तुम्ही दोघांनी सही करा, विषय संपला. कुणाची नोकरी जायला नको, कुणाची बदनामी नको." मग ते दादाकडे वळले. "आणि तुमचा तर फायदाच आहे हो. ऐनवेळी बिघडणाऱ्या संचाला मुदतवाढ देताच येत नाही, नियमच आहे. तीन नंबर पुढच्या महिन्यात बंद. तुमची बदली, नवं घर, मुलीला चांगली हवा. हेच हवं होतं ना तुम्हाला?"

दीड वर्ष डोकं आपटून, तक्ते करून, खरं सांगून जे झालं नाही, ते या माणसाच्या एका खोट्या ओळीने होत होतं. पोरीची खिडकी त्या कागदावर होती. दादाने पेन उचललं होतं. बाईंना मनापासून वाटलं, कर सही, कर एकदाची.

पण जन्मभराची सवय. कुठून कमी केलं की दुसरीकडून किती वाढवायचं हे त्यांच्या डोक्यात आपोआप सुरू होई.

"साहेब," त्या म्हणाल्या, "डेपोची वेळ बदलणार का? दुपारची करणार?"

"ते नंतर बघू. उद्घाटन परत करायचंय, सातलाच."

"मग तीन नंबर बंद झाल्यावर सातला मी फोन कुणाला करायचा?"

"नदीपलीकडचं केंद्र आहे ना. तिथला गेल्या वर्षी बंद केलेला संच परत पेटवायचा. कागद तयार आहेत." साहेबांना प्रश्नच पडला नव्हता. एक धुराडं मिटलं की दुसरं उघडायचं, सरासरी तीच राहते.

दादाचं पेन थांबलं.

"तिथल्या पाळीवर माझा जोडीदार आहे," तो म्हणाला. "आम्ही बरोबर शिकलो. संच बंद झाल्यापासून त्याची बायको कपडे गच्चीवर वाळत घालते. आठ दिवसांपूर्वी मुद्दाम फोन करून सांगत होता. म्हणाला, पोरं आता गच्चीवर झोपायचा हट्ट धरतात." त्याने पेनाला टोपण लावलं. एवढा मवाळ माणूस, पण टोपण लावल्याचा आवाज खोलीभर झाला. "बिघाड संचात नव्हता, साहेब. तारेतही नव्हता. मला हुकूम नीट ऐकू आला. मी उत्तर दिलं नाही."

"का?"

"माझी पोरगी दवाखान्यात श्वासाला झगडत होती, आणि तुम्हाला शोभेच्या दिव्यांसाठी माझ्याकडून पंधरा मेगावॅट धूर हवा होता. दुपारी हीच वीज फुकट सोडून दिलेली. तोंड उघडलं होतं मी. रागाने आवाजच फुटला नाही."

"लिहा," बाई लेखनिकाला म्हणाल्या. "आणि माझंही लिहा. सरासरीचा कागद माझा. त्यात वेळ लिहिली नाही, ही चूक माझी. विजेची गाडी चांगली आहे, तिला वाईट वेळी जेवायला घालणारे आपण नालायक आहोत. डेपो मी बंद केला, नियमाने केला, आणि त्या संध्याकाळी या शहरात तेवढंच एक काम शहाणपणाचं झालं. तासांच्या तक्त्याची दुसरी प्रत सोबत जोडतेय."

साहेबांचा गोडवा आता पुरता आटला होता. "ठीक आहे. मग नीट ऐका," ते दादाला म्हणाले. "तुम्ही निलंबित. संच क्रमांक तीन दोन वर्षं चालणार. तुमची मुलगी त्याच हवेत राहणार. समजलं?"

दादा खुर्चीत ताठ बसला, फोनवर बसायचा तसा.

"मी निलंबित," तो म्हणाला. "संच क्रमांक तीन दोन वर्षं चालणार. माझी मुलगी त्याच हवेत राहणार."

आणि थांबला. बाईही थांबल्या. साहेब एकाकडून दुसरीकडे बघत राहिले.

"आता तुम्ही 'बरोबर' म्हणायचं असतं, साहेब," बाई म्हणाल्या. "त्याशिवाय आमच्यात हुकूम पुरा होत नाही."

साहेब म्हणाले नाहीत. मग त्यांनी लेखनिकाला खूण केली की हे लिहू नका, आणि लेखनिक खाली मान घालून म्हणाला, "लिहिलंय साहेब."

निलंबन झालंच. पंधरवड्याने बाईंना फोनवरून उचलून तक्रारींच्या टेबलावर बसवलं. जबाब आणि तक्ता वर गेले आहेत. लेखी जबाबाला लेखी उत्तर द्यावं लागतं, म्हणून निदान ते हरवता येणार नाहीत. उत्तर अजून आलेलं नाही. नदीपलीकडचा संच थंड आहे, तीन नंबर पेटता आहे.

चौकशीत झालेलं पोरीला सांगायचं काम मात्र त्याच दिवशी करावं लागलं होतं. दोघं चौकशीहून तसेच घरी गेले. भाची उशांना टेकून बसली होती. तिने वडिलांचा चेहरा बघितला आणि सरळ विचारलं, "बंद होणार का?"

दादाने सांगितलं. काही गाळलं नाही. सहीचा कागद, नवं घर, गच्चीवरची पोरं, सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे बंद होत होतं, आणि तू सही केली नाहीस?"

"नाही केली."

"आणि आत्या, तू पण नाही?"

"मीही नाही," बाई म्हणाल्या. "ते धुराडं नुसतं नदीपलीकडे जात होतं गं. तिथल्या पोरांच्या डोक्यावर."

"मग माझ्या डोक्यावर का ठेवलंत?" तिचा आवाज चिरकला आणि श्वासाची शिट्टी वाजली. "तिकडे नाही, इकडे नाही, असं का नाही केलंत? मोठी माणसं आहात ना तुम्ही?"

वहिनी पंप घेऊन पुढे झाली. पोरीने तो तिच्या हातातून हिसकावून स्वतःच ओढला, एकदा, दोनदा, आणि दोघांकडे पाठ फिरवून भिंतीकडे तोंड केलं. ती रागावली होती आणि तिचं बरोबर होतं. दादा पलंगाच्या एका कडेला बसला, बाई दुसऱ्या कडेला, आणि दोघांपैकी कुणीही तिची समजूत काढली नाही.